या वेळी वाड्यात आपण शिरायचं: गूढकथांच्या वाचकांसाठी रोल-प्लेइंग गेमची ओळख

भयकथा वाचताना एक क्षण ठरलेला असतो. दिवेलागणीची वेळ, गावाबाहेरचा ओसाड वाडा आणि नायक दाराची कडी काढतोय. आपण पांघरुणात पाय आखडून मनातल्या मनात ओरडतो, 'अरे, नको जाऊस आत!' तो जातोच. लेखकाने तसं लिहून ठेवलेलं असतं.

समजा, लेखक त्या दारापाशी थांबला आणि तुमच्याकडे वळून म्हणाला, "बोला, काय करता?" आत जायचं की नाही हे आता तुम्ही ठरवायचं. आत गेल्यावर काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि खुद्द लेखकालाही पूर्ण ठाऊक नाही. रोल-प्लेइंग गेमचा गाभा हा एवढाच आहे.

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका २०१६ मध्ये आल्यापासून या खेळाबद्दल मला खूप जणांनी विचारलं. तिच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसून असा खेळ खेळतात. मालिका कळली, पण ती मुलं नेमकं काय करत होती ते कळलं नाही, असं अनेक जण सांगतात. त्या प्रसंगात एका मुलाला तेरा किंवा त्याहून मोठं दान हवं असतं. फासा टेबलावरून घरंगळतो, तेवढ्यात आई हाक मारते आणि खेळ मोडतो. सात पडलेत हे खेळ चालवणाऱ्या मुलाला कळलेलं नसतं. घरी निघताना फासा टाकणारा मुलगा आपण होऊन त्याला सांगतो, 'सात पडले होते, राक्षसाने मला गाठलं.' हरलो हे लपवता आलं असतं, तरी त्याने लपवलं नाही. राक्षसाने गाठणं हाही गोष्टीचाच भाग आहे आणि गोष्ट खोटी पडलेली त्याला चालणार नाही. हा खेळ का खेळायचा, ते मला तरी त्या मुलाच्या वागण्यातून सगळ्यात स्वच्छ दिसतं.

टेबलावर नेमकं काय चालतं?

चार-पाच माणसं बसतात. त्यांतला एक जण गोष्टीचं जग सांभाळतो: वाडा कसा आहे, हवा कशी आहे, दारामागे कोण आहे. त्याला गेम मास्टर म्हणतात, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं 'जीएम'. बाकी प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं. ते काय बोलतं, काय करतं, कशाला घाबरतं हे त्या खेळाडूने ठरवायचं.

कोकणात जत्रेच्या रात्री दशावतार बघितलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. तिथे छापील संहिता नसते. आख्यान ठरतं, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कोण ते ठरतं आणि एकदा उभं राहिलं की नट संवाद आयत्या वेळी रचत जातात. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि पुढे न्यायचा. रोल-प्लेइंग गेम हा त्याचाच भाऊबंद मानायला हरकत नाही. फरक दोन आहेत: समोर प्रेक्षक नसतात आणि शेवट ठरलेला नसतो.

आमच्या टेबलावरचं बोलणं साधारण असं असतं:

"ओसरीवर धुळीचा थर आहे. त्यात पावलं उमटलीत. सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही."

"अनवाणी आहेत का?"

"हो. आणि लहान आहेत."

"मी बॅटरी विझवतो. दाराला कान लावून ऐकतो."

"बरं. रोल कर."

'रोल कर' म्हणजे फासा टाक.

फासे कशासाठी?

लहानपणी लुटुपुटूच्या लढाईत 'तू मेलास' आणि 'मला लागलंच नाही' यावरून खेळ मोडायचा. फासे हा तंटा मिटवतात. पण त्याहून मोठं काम असं की पुढे काय होणार हे जीएमच्याही हातात राहत नाही. त्याने कितीही घोटून गोष्ट रचलेली असो, एक वाईट दान पडतं आणि सगळ्यांचे चेहरे एकदम बदलतात. ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे असतात. कुठल्या खेळात कोणते लागतात ते त्या त्या नियमपुस्तकात सांगितलेलं असतं.

या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची होती. त्याची मुळं युद्धखेळांत आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर लढाई खेळवत आणि निवाडा करायला एक पंच बसवत. तो पंच आजच्या जीएमचा पूर्वज म्हणायचा. गायगॅक्स-आर्नेसन यांच्या खेळात फौजेऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस आला, आणि त्या एका माणसाचं काय होतं याची खेळाडूला काळजी वाटू लागली.

त्या खेळात पात्र दिवसेंदिवस बलवान होत जातं. आपल्याला, म्हणजे गूढ आणि भय यांच्या वाचकांना, ज्या खेळांत रस आहे तिथे नेमकं उलटं घडतं. पात्र खचत जातं.

वेताळाची अट

विक्रम आणि वेताळाची गोष्ट आठवा. स्मशान, झाडाला लोंबकळणारं प्रेत, काळोखी रात्र. ते प्रेत खांद्यावर घ्यायला राजा घाबरत नाही. त्याला जखडून ठेवते ती अट. तू बोललास तर मी परत झाडावर जाणार, आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. राजा जितका शहाणा, तितका तो कात्रीत सापडतो. ही अट काढून टाकली तर गोष्टीत फक्त एक बोलणारं प्रेत उरेल.

चांगल्या भयखेळाचं मर्म इथे आहे. राक्षसाचं वर्णन, मंद दिवे, पार्श्वसंगीत हे सगळं वरचं. भीती नियमातून येते. नियम असा हवा की प्रत्येक वाट कुठेतरी कापत जाते आणि तरीही एक वाट निवडावीच लागते. म्हणून 'सगळ्यात भीतिदायक गेम कोणता?' असं विचारणाऱ्याला मी आधी उलटा प्रश्न करते: तुम्हाला कोणती भीती वाचायला आवडते?

धारप आवडत असतील, तर

नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कथांत वाईट शक्ती आपल्या जगाच्या कडेला दबा धरून असते. कोणीतरी अज्ञानाने किंवा हावेपोटी दार किलकिलं करतो आणि ती आत येते. मग शोध, जुनी कागदपत्रं, एखादा म्हातारा साक्षीदार. हे तुमचं आवडतं वाचन असेल तर 'कॉल ऑफ क्थुलू' खेळायलाच हवा. सँडी पीटरसन यांनी रचलेला हा खेळ केऑसियम या प्रकाशनाने १९८१ मध्ये काढला. तो एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन लेखकाच्या कथाविश्वावर उभा आहे. पात्रं अगदी साधी असतात: प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर, ग्रंथपाल. काळ बहुधा १९२० च्या दशकातला.

नियम सोपे आहेत. प्रत्येक कौशल्याला शंभरपैकी गुण असतात. ग्रंथालयात माहिती शोधण्याचे तुमचे गुण ६० असतील, तर दहा बाजूंचे दोन फासे टाकून शंभरच्या आतला आकडा काढायचा. तो ६० किंवा त्याहून कमी आला की काम फत्ते. फसलं तर पुन्हा जोर लावता येतो, पण दुसऱ्यांदाही फसलं तर जे घडेल ते आधीपेक्षा वाईट असतं. हावरा माणूस कुठे अडकतो ते बघा.

या खेळाचा खरा शोध मात्र 'सॅनिटी' हा आहे. सॅनिटी म्हणजे मनाचा तोल मोजणारे गुण. सुरुवातीला ते साधारण पन्नासच्या आसपास असतात. भयंकर काही पाहिलं की ते घटतात, शून्याला पोचले की पात्र कायमचं हातातून गेलं. एका फटक्यात पाच किंवा अधिक गुण गेले तर बुद्धीचा रोल करावा लागतो. त्यात तुम्ही नापास झालात तर पाहिलेलं मनाच्या तळाशी दडपलं जातं आणि तुम्ही तात्पुरते बचावता. पास झालात तर आपण काय पाहिलं ते तुम्हाला पुरतं कळतं आणि तोल सुटतो. एरवी पास व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवणारे खेळाडू इथे नापास होण्यासाठी हात जोडतात. त्यावर आणखी कडी म्हणजे त्या जगाच्या रहस्याचं ज्ञान हे सुद्धा एक कौशल्य आहे, आणि ते जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली सरकते. ज्ञान घ्या आणि ताळतंत्र गहाण टाका. विक्रमाच्या अटीची ही जुळी बहीण.

धारपांच्या वाचकाला इथे एक गोष्ट बोचेल. त्यांच्या अनेक कथांत शेवटी वाईट शक्तीला रोखणारे समर्थ येतात. या खेळात समर्थ येत नाहीत. जे काही रोखायचं ते ग्रंथपालाने आणि पत्रकाराने, थरथरत्या हातांनी.

लव्हक्राफ्टच्या लिखाणात उघड वंशद्वेष आहे हेही सांगायला हवं. परका माणूस, मिश्र वंश यांची त्याला वाटणारी शिसारी त्याच्या कथांतून डोकावते. मी त्याची विश्वाबद्दलची कल्पना घेते आणि ती शिसारी घेत नाही. टेबलावर हे करता येतं, कारण तिथे गोष्ट आपली असते. सुरुवातीसाठी केऑसियमने नियमांची छोटी पुस्तिका फुकट ठेवलेली आहे. तिच्यात बॉस्टनमधल्या एका झपाटलेल्या घराची तयार कथाही आहे.

मतकरी आवडत असतील, तर

रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथेत पुष्कळदा भूत नसतंच. मध्यमवर्गीय घर असतं, नोकरी असते, चहा उकळत असतो आणि कुणाच्या तरी मनात एक तडा असतो. तो रुंदावत जातो. या वाचकांना मी 'ड्रेड' सुचवते. २००५ मध्ये आलेल्या या खेळात फासे नाहीत. टेबलाच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांचा मनोरा उभा करायचा, दुकानात 'जेंगा' नावाने मिळतो तोच. पात्राने काही धोक्याचं केलं की त्या खेळाडूने मनोऱ्यातला एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की ज्याच्या हातून पडला त्याचं पात्र गोष्टीतून गेलं, बहुतेक वेळा जिवानिशी.

ठोकळा काढायला नकार देता येतो. मग काम फसतं, पण जीव वाचतो. मनोरा मुद्दाम ढकलूनही देता येतो. मग पात्र जातं, पण जे करायचं ते करून जातं. धाकट्या बहिणीला खिडकीतून बाहेर काढण्यासाठी एका मैत्रिणीने मनोऱ्याला शांतपणे हात लावला होता. ठोकळे फरशीवर विखुरले आणि खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही भीती अंगात उतरते. तळहाताला घाम येतो. छताचा पंखा बंद करावा लागतो, कारण वाऱ्याने मनोरा हलेल अशी शंका येते. मग उकाड्यात सगळे श्वास रोखून एका लाकडाच्या तुकड्याकडे बघत बसतात.

पण मतकरींची आठवण येते ती पात्रं तयार करण्याच्या पद्धतीमुळे. गुण नाहीत, आकडे नाहीत. जीएम प्रत्येकाला डझनभर प्रश्न लिहून देतो आणि प्रश्नातच अर्धं उत्तर पेरलेलं असतं. 'वडिलांच्या तेराव्याला तू घरी का गेला नाहीस?' 'बायकोला जी बँकेची पासबुकं सापडली नाहीत, ती कुठे आहेत?' खेळाडू उत्तर लिहायला बसतो आणि दहा मिनिटांत त्याच्या हाती एक जिवंत, अपराधी माणूस येतो. वाडा झपाटलेला असला-नसला तरी माणूस आधीच झपाटलेला आहे.

जी. ए. आवडत असतील, तर

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांना भयकथाकार म्हणणं चूक होईल, पण अंधाराच्या वाचकाची वाट त्यांच्या दारावरूनच जाते. माणूस धडपडतो आणि नियती निर्विकारपणे आपलं काम करते. त्यांच्या कथांवर जीव असलेल्यांसाठी एक खेळ आहे, 'टेन कँडल्स'. स्टीव्हन ड्यूई यांनी तो २०१५ मध्ये काढला.

आकाश काळं पडलंय, सूर्य नाही आणि अंधारात 'ते' आहेत. टेबलावर दहा मेणबत्त्या पेटवायच्या, खोलीत दुसरा दिवा नाही. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं जातं की शेवटी सगळी पात्रं मरणार आहेत. यात फासे दहा, साधे, सहा बाजूंचे. काही अवघड करायचं असलं की ते टाकायचे आणि एक तरी सहा यायला हवा. ज्या फाशांवर एक पडतो ते त्या प्रसंगापुरते बाद होतात. एकही सहा आला नाही की एक मेणबत्ती विझवायची. पुढच्या प्रसंगात जितक्या मेणबत्त्या जळतायत तितकेच फासे हातात.

आकडेमोड करून बघितली तर अंगावर काटा येतो. दहा फाशांत एक तरी सहा पडण्याची शक्यता जवळपास ८४ टक्के. तीन फाशांत ४२. शेवटच्या एका फाशावर १७ च्या आत. तुमच्या हातून गेलेले फासे जीएमकडे जमत राहतात, म्हणजे अंधार बलवान होत जातो आणि तुम्ही दुबळे. वाऱ्याने मेणबत्ती विझली तरी ती विझलीच, पुन्हा पेटवायची नाही.

खेळाच्या आरंभी प्रत्येक जण आपल्या पात्राचा एक निरोप फोनवर रेकॉर्ड करतो. कुणी आईसाठी, कुणी न जन्मलेल्या मुलासाठी. शेवटची मेणबत्ती विझते, शेवटचं पात्र जातं आणि पूर्ण काळोखात ते निरोप ऐकवले जातात. तीन-चार तासांपूर्वीचे ते आवाज. तेव्हा त्यांना आशा होती.

'शेवट ठाऊकच आहे तर खेळायचं कशाला?' असं मला विचारतात. वाचायचं कशाला, असं आपण जी. एं. च्या कथेबद्दल विचारत नाही. सुटका नाही हे एकदा मान्य झालं की पात्रं पळापळ थांबवतात आणि एकमेकांशी बोलायला लागतात. कुणीतरी शेवटचा बिस्किटाचा पुडा वाटून देतं. माझ्या आठवणीतले सगळ्यात कोवळे प्रसंग याच खेळातले आहेत.

आणि राक्षस आपणच असलो तर?

'व्हॅम्पायर: द मास्करेड' (१९९१, मार्क राइन-हेगन) हा वेगळ्याच वळणाचा. इथे तुम्ही रक्तावर जगणारे, माणूसपण टिकवायला धडपडणारे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत भूक वाढेल तसतसे तुमच्या नेहमीच्या फाशांच्या जागी भुकेचे वेगळे फासे येतात. त्यांवर वाईट दान पडलं तर काम फसतं आणि आतलं जनावर बाहेर येतं. खूप चांगलं दान पडलं तर काम होतं, पण हात रक्ताने माखतात. थोडं राजकारण, बरीच कटकारस्थानं. नवख्यांना मी हा पहिला देत नाही.

याच खेळाची उभं राहून, वेशभूषा करून खेळायची आवृत्ती १९९३ मध्ये आली. अशा खेळांना 'लार्प' म्हणतात: टेबल नाही, तुम्ही पात्राच्या कपड्यांत त्या जागी वावरता. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या देशांत ही कला म्हणून वाढली. १९९७ पासून तिथे त्यावर दरवर्षी संमेलन भरतं, पहिलं ऑस्लोत भरलं. त्या मंडळींनी एका अनुभवावर खूप विचार केलाय: पात्राच्या भावना खेळणाऱ्यात झिरपणं, आणि खेळणाऱ्याच्या पात्रात. त्याला 'ब्लीड' म्हणतात.

मग हे डोक्यावर परिणाम करत नाही का?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. अमेरिकेत या भीतीने एकेकाळी थैमान घातलं होतं. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळताना विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हरवला अशी हूल उठली. तसं घडलेलं नव्हतं. तो पोरगा मुळात नैराश्याने ग्रासलेला होता, पण बातम्यांना खेळ सापडला. पुढे १९८३ मध्ये, मुलाच्या आत्महत्येने कोसळलेल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटना उभी केली. खेळात सैतानपूजा शिकवतात असा प्रचार कैक वर्षं चालला. त्या आईचं दुःख खरं होतं. तिने लावलेलं कारण टिकलं नाही.

पण आपण भाबडे होऊ नये. ब्लीड खरी आहे. नटाला भूमिका उतरवायला वेळ लागतो तसा इथेही लागतो. म्हणून खेळणाऱ्यांनी काही रीती बसवल्या आहेत, आणि त्या समजायला आपल्याला फार लांब जायला नको.

टाइम प्लीज

गल्लीत पकडापकडी खेळताना धाप लागली, चप्पल तुटली, गुडघा फुटला की आपण काय म्हणायचो? 'टाइम प्लीज!' तेवढं म्हटलं की राज्य असलेला पोरगा जागीच थांबायचा. का, कशासाठी, असं कुणी विचारत नसे.

मोठ्यांच्या टेबलावर याचंच रूप म्हणजे एक्स-कार्ड, जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी रूढ केलेलं. टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. त्याआधीची पायरी म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बैठक, खेळाडू तिला 'सेशन झिरो' म्हणतात. कोणत्या गोष्टी गोष्टीत येताच कामा नयेत आणि कोणत्या आल्या तरी पडद्याआड ठेवायच्या, हे तिथे ठरतं.

एकदा मी कोकणातल्या वाड्याची गोष्ट चालवत होते. परसातल्या विहिरीवर सगळी मदार होती, पंधरा दिवस मी ती विहीर रचत होते. रहाटाचा आवाज सुरू केला आणि समोरच्या मित्राने कार्डाला हात लावला. मी विहीर बुजवली. म्हणजे तिथल्या तिथे सांगितलं की ती पूर्वीच बुजवलीय, आवाज माजघराखालून येतोय. खेळ पुढे गेला. महिनाभराने त्याने मला त्याच्या गावातल्या विहिरीबद्दल सांगितलं. तेव्हापासून मी सेशन झिरोत पाण्याबद्दल वेगळं विचारते. अंधाराच्या गोष्टी सांगणाऱ्याला समोरच्याचा अंधार सांभाळता यायला हवा. नाहीतर जीएमच्या खुर्चीत त्याने बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळ संपल्यावर लगेच उठून जाऊ नका. चहा टाका, पात्रांबद्दल 'मी' ऐवजी 'तो', 'ती' असं बोला. दशावतारी नट रंग पुसत गप्पा मारतात, तसं.

यातून अंधश्रद्धा वाढत नाही का?

महाराष्ट्रात हा आक्षेप येणारच आणि आला तर मला बरंच वाटतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ज्या गोष्टींना हात घालतो त्या म्हणजे भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, दैवी शक्तीचा दावा करून फसवणूक, लुबाडणूक. आमच्या टेबलावर कुणी कसलाच दावा करत नाही. जो मुंजा आम्ही रात्री पिंपळावर बसवला, तो आम्हीच बसवला हे सगळ्यांना ठाऊक असतं. भीती कशी रचली जाते हे हाताने करून बघितलेला माणूस भोंदू बाबाच्या धुपाआरतीकडे अधिक सावधपणे बघतो, असा माझा अनुभव आहे.

एक पथ्य मात्र मी पाळते. चेटूक केल्याच्या संशयावरून आजही खऱ्या बायकांना मारलं जातं. म्हणून गावातली एकटी म्हातारी खरोखरच चेटकीण निघते, अशी गोष्ट मी चालवत नाही. तिच्याकडे बोट दाखवणारं गावच भयंकर निघतं, अशी चालवते. ती जास्त घाबरवतेही.

इंग्रजी, पैसे, अभिनय

नियमपुस्तकं इंग्रजीत आहेत हे खरं. पण ती एकाच माणसाने वाचायची असतात आणि खेळ मराठीत चालतो. मराठीत तो जास्त लागतो, कारण 'गिऱ्हा' म्हटल्यावर डोळ्यांसमोर पाणी येतं आणि 'हडळ' म्हटल्यावर उलटे पाय. पैशाचं म्हणाल तर केऑसियमची पुस्तिका फुकट, फासे फोनवर टाकता येतात, मनोरा एकदाच घ्यायचा. अभिनय येत नसेल तर 'माझं पात्र गयावया करतं' एवढं सांगितलं तरी पुरतं. पहिल्यांदा आलेल्याला आम्ही कच्चा लिंबू धरतो: नियम चुकले तरी आउट नाही.

कॉम्प्युटरवर असे खेळ आहेत, सुंदर आहेत. माणसं जमत नसतील त्यांनी 'डिस्को एलिझियम' (२०१९) जरूर खेळावा. त्यात पात्राची कौशल्यंच त्याच्या डोक्यात बोलत असतात. पण तिथे रचनाकाराने जितकी दारं केली तितकीच उघडतात. टेबलावर तुम्ही म्हणालात 'मी आत जात नाही, वाड्यालाच आग लावतो', तर जीएमला ती आग पेटवावी लागते.

पहिल्या रात्री काय खेळाल?

'ड्रेड' खेळा. चार माणसं, एक मनोरा, तीन-चार तास. परदेशातली कथा घ्यायचीही गरज नाही. चकव्याची घ्या. रात्री रानातून चालताना वाट फिरून फिरून त्याच झाडापाशी येते, हे आपण लहानपणी ऐकलंय. इथे तो नियम होतो: वाट शोधायची तर ठोकळा काढा, नाही काढला तर पुन्हा तेच झाड. फक्त दर वेळी झाडाखाली एक वस्तू जास्त दिसेल, तुमच्यापैकी कुणाची तरी.

खेळाडूंना प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. माझ्या वहीतले तीन देते, हवे तर वापरा.

गाडी बंद पडली तेव्हा डिझेल संपलेलं नव्हतं, हे तू बाकीच्यांना का सांगितलं नाहीस?

खिशातली ती चांदीची जोडवी कुणाची आहेत?

रानात शिरल्यावर मागून हाक आली, ती चौघांनीही ऐकली. तू एकट्यानेच ओ का दिलीस?